परभणीत बघण्यासारखे काय आहे?

परभणीविषयी दोन म्हणी मराठवाड्यात सर्वतोमुखी आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही एक आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी. पहिलीत अभिमान आहे आणि त्या अभिमानाची थोडी थट्टाही आहे. दुसरीवर निजामी राजवटीतल्या उर्दूमिश्रित बोलीची छटा आहे. अन्यत्र जमले तर उत्तमच, न जमले तर परभणी आहेच, असा तिचा भावार्थ. परभणीकर दोन्ही म्हणी हसत हसत ऐकवतो. पण बाहेरगावच्या पाहुण्याने “दोन दिवस सवड आहे, काय पाहू?” असे विचारले की हाच बोलका माणूस एकाएकी गडबडतो. “इथे बघण्यासारखे काय आहे? औंढ्याला जा, परळीला जा,” असे उत्तर देऊन तो मोकळा होतो.

औंढा नागनाथ पूर्वी परभणी जिल्ह्यातच होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा तिकडे गेले. परळी वैजनाथ बीड जिल्ह्यात आहे. म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला आपण उंबरठ्यावरूनच शेजाऱ्याकडे पाठवतो! दोन ज्योतिर्लिंगांच्या मधोमध वसलेले हे शहर त्यामुळे गाडी बदलण्याचे ठिकाण होऊन बसले आहे. उरलेल्या महाराष्ट्राला परभणी भेटते ती दुष्काळाच्या, अतिवृष्टीच्या आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून. त्या बातम्या खोट्या नाहीत. परंतु तेवढीच परभणी आहे, असे मानणे हा या भूमीवर अन्याय आहे. आणि तो अन्याय करणाऱ्यांत पहिला क्रमांक आपला, स्थानिकांचाच लागतो.

या लेखात परभणीला येणाऱ्याने काय पाहावे हे सांगायचे आहे, आणि ते सांगण्याची जबाबदारी कोणाची, हेही.

शहरापासून आरंभ

परभणीचे प्राचीन नाव प्रभावतीनगरी, असे परंपरा सांगते. प्रभावती देवीच्या मंदिरावरून हे नाव पडले. मुंबईहून देवगिरी, नंदिग्राम वा तपोवन एक्सप्रेसने थेट येथे उतरता येते. विमानाने यायचे तर जवळचा विमानतळ नांदेडचा. ऋतू निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. येथील उन्हाळा पाहुण्याची गय करीत नाही. थंडी मात्र महाराष्ट्राच्या मैदानी भागात क्वचितच अनुभवास यावी अशी पडते. फेब्रुवारीच्या प्रारंभी सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस असतो. त्या दिवसांत शहरात लाखोंची गर्दी लोटते. जत्रेचे वातावरण पाहायचे असेल त्याने तेव्हाच यावे. निवांतपणा हवा असेल त्याने ते दिवस टाळावेत.

शहरात पारदेश्वराच्या मंदिरात पाऱ्याचे शिवलिंग आहे, ते पाहावे. मात्र त्यानंतर बहुतेकांच्या यादीत नसलेली एक जागा मी आवर्जून सुचवेन. ती म्हणजे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने महाराष्ट्राच्या ताटात काय वाढले, याची कल्पना शहरी माणसाला नसते. केवडा रोगाला सहजासहजी दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ ही भेंडी येथली. टपोऱ्या दाण्याची रब्बी ज्वारी ‘परभणी मोती’ येथली. लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असणारा ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाणही येथलाच. १८ मे रोजी खरीप आणि १७ सप्टेंबरला रब्बी पिकांचा शेतकरी मेळावा भरतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा भूभाग निजामाच्या जोखडातून मुक्त झाला. त्या मुक्तिदिनी ध्वजवंदन आटोपून शेतकरी बियाण्यांची चौकशी करायला येतात, हे दृश्य पाहण्यासारखे आहे. मुलांना भाकरी कोठून येते हे दाखवायचे असेल, तर याहून चांगली सहल कोणती?

साहित्याची आवड असणाऱ्याने बी. रघुनाथांच्या या नगरीत थोडे रेंगाळावे. १९१३ ते १९५३ एवढेच आयुष्य लाभलेल्या या कवी-कादंबरीकाराने निजामी अमलात, सरकारी बांधकाम खात्याची नोकरी सांभाळून, मराठीत लेखन केले. राज्यकर्त्यांची भाषा वेगळी असताना मायबोलीत लिहीत राहणे म्हणजे काय, हे आज कळणे अवघड आहे. त्यांच्या स्मरणार्थ येथे दरवर्षी सोहळा होतो. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच शहराने भरवले होते.

गोदेच्या काठाने

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे निघावे. गंगाखेडच्या वाटेवर पोखर्णी येथे नृसिंहाचे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या गाभाऱ्याचे दार इतके लहान, की पंडित असो वा पुढारी, प्रत्येकाला अंग चोरून आणि मान लववूनच आत जावे लागते. परभणी-परळी लोहमार्गावर याच नावाचे स्थानकही आहे.

पुढे गंगाखेड. दामा आणि करुंड या दांपत्याच्या पोटी येथे जनाबाई जन्मली आणि पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत संतपदाला पोहोचली. गोदाकाठी तिचे समाधिमंदिर आहे. त्याच नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मान्य असलेली नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांची पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले ते त्यांच्याच पुण्याईने. अमृतसरहून नांदेडला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीवरूनच जाते. त्या गाडीतल्या किती शीख यात्रेकरूंना आपण सांगतो, की ज्यांची पदे तुम्ही नित्य म्हणता त्या भगत नामदेवांची जन्मभूमी येथून जवळच आहे? एवढे सांगायला निधी लागत नाही, शासन-निर्णय लागत नाही.

गंगाखेडचा घाट पहाटे पाहावा. शक्य असेल तर ज्येष्ठात, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी असा मार्ग आक्रमीत पंढरीकडे जाते, त्या दिवसांत यावे. वाटेवरच्या गावांत दिंडीला जेवू घालण्याची चढाओढ लागते. स्वतःच्या घरी चूल जेमतेम पेटणारे हातही त्या दिवशी भाकरी थापण्यात मागे नसतात. अतिथी हा शब्द ज्यांनी पुस्तकातच वाचला आहे, त्यांनी हे एकदा पाहावे.

गंगाखेड तालुक्यातच धारासूर येथे गुप्तेश्वराचे मंदिर आहे. तारकाकृती रचना, बाह्यभिंतींवरील शिल्पे आणि विटांचे शिखर असे हे यादवकालीन शिल्पवैभव काळाने जर्जर झालेले आहे. तेथे जाण्यापूर्वी दर्शनाची स्थिती काय आहे, याची गंगाखेडातच चौकशी करावी. वेळ असेल तर राणी सावरगावची रेणुका, आणि पालम तालुक्यात गोदेच्या पात्रात असलेले जांभूळबेट हीही ठिकाणे पाहावीत. बेटावर मारुतीचे मंदिर आहे, दाट झाडी आहे आणि मोरांचा केकारव आहे. पावसाळ्यात नदीला पाणी असताना मात्र तेथे जाण्याचे धाडस करू नये. गोदामाईचा राग येथल्या माणसाला ठाऊक आहे. पाहुण्याने तो अनुभवण्याचे कारण नाही.

जिंतूरचे डोंगर, चारठाण्याचे पाषाण

तिसरा दिवस उत्तरेचा. सपाट काळ्या रानातून जिंतूरकडे निघालो की अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे दिसू लागतात. जिंतूरजवळ नेमगिरी येथे जैन लेणी आहेत. ठेंगण्या दारांतून वाकून आत शिरावे आणि समोर नेमिनाथांची, पार्श्वनाथांची भव्य मूर्ती दिसावी, असा हा अनुभव आहे. पार्श्वनाथांची अवजड मूर्ती एका छोट्याशा दगडावर टेकलेली आहे. म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. येथून येलदरीही जवळ. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. हिवाळ्यात जलाशयावर पक्षी उतरतात, तेव्हा दुर्बीण बाळगणाऱ्यांनी पहाटेच पोहोचावे.

त्याच तालुक्यातील चारठाणा हे खरे तर महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकात असावे असे गाव. यादवकालीन मंदिरे, कोरीव स्तंभ, गोकुळेश्वराचे देऊळ आणि त्यालगतची बारव, असा ठेवा एकाच गावात एकवटलेला आहे. गावातून फिरताना कोठे भिंतीत, कोठे पाराखाली, कोठे उकिरड्याच्या कडेला कोरीव पाषाण दिसतो. एखाद्या भग्न मूर्तीला शेंदूर फासून गावाने आपले दैवत केले आहे. दुसरी तशीच उन्हापावसात पडून आहे. शेंदूर लागलेली वाचली. दुसरीचे काय होणार? जे कोणी पाहायला येत नाही, त्याची राखण कोणी करीत नाही, हा साधा व्यवहार आहे. गावातल्या मुलाने एखाद्या दगडावर बसून पाहुण्याला मोठ्या उत्सुकतेने त्याचे छायाचित्र घेताना पाहिले, की त्या दगडाकडे बघण्याची त्याची दृष्टी बदलते. म्हणूनच पाहुणा येणे महत्त्वाचे. तो चार पैसे खर्च करील ही गोष्ट दुय्यम आहे.

पाथरी : वाद आणि विस्मरण

पश्चिमेकडे पाथरी. २०२० च्या जानेवारीत हे नाव महाराष्ट्रभर दुमदुमले. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपये देण्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केली. शिर्डीकरांनी ‘जन्मस्थान’ या शब्दाला हरकत घेतली आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. जन्मस्थानाचा निवाडा करण्याचा या लेखाचा अधिकार नाही. भाविकाने पाथरीच्या मंदिरात जावे, मस्तक टेकवावे. वादाने श्रद्धेत भर पडत नाही की घटही होत नाही.

खेद वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. ज्या पाथरीसाठी एवढा गदारोळ झाला, तिची निर्विवाद थोरवी सांगायला त्या वेळी कोणी पुढे आले नाही. पाथरी हेच प्राचीन पार्थपूर. १५०३ च्या सुमारास येथे ज्ञानराजाने ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यपंडित याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ या ग्रंथांवर टीका लिहिल्या. याच सूर्यपंडिताचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ हे संस्कृत वाङ्मयातले एक आश्चर्य आहे. सरळ वाचले तर रामकथा, उलट अक्षरक्रमाने वाचले तर कृष्णकथा! पार्थपुराच्याच परिसरातील गोलग्राम येथील ज्योतिर्विदांचे घराणे पुढे काशीस गेले. त्या घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुषही पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, असे फिरिश्ता सांगतो. या गावाच्या ताब्यासाठी निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढाया झाल्या.

गणित, खगोल, काव्य आणि राजकारण यांचा असा संगम लाभलेल्या गावाची ओळख एका वादापुरती उरावी, हे कशाचे लक्षण आहे? पाथरीत शिरताना ज्ञानराज आणि सूर्यपंडित यांची नावे सांगणारा एक ठळक फलक असावा, शाळेत त्यांचे चित्र असावे, ही मागणी फार मोठी नाही. पाथरीहून गोदाकाठचे मुदगल गाठावे. तेथे नदीच्या पात्रातच मुद्गलेश्वराचे मंदिर आहे. पाणी चढले की देव जलमय होतो, उतरले की पुन्हा दर्शन देतो.

वालूरचा धडा

हा सगळा पसारा वाचून कोणी म्हणेल, “मग शासनाने लक्ष घालावे.” शासनाने घालावेच. पण सेलू तालुक्यातील वालूरने दाखवलेला मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो. तेथे एक बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ न उतरता चक्राकार, शंखाच्या वळशांप्रमाणे खाली जातात. अनेक वर्षे ती गाळाने आणि केरकचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनी आणि तरुणांनी श्रमदान करून ती मोकळी केली. जे काल कचरा टाकण्याचे ठिकाण होते, ते आज दुरून येणाऱ्या अभ्यासकांचे गंतव्यस्थान झाले आहे. परभणीजवळच्या पिंगळीतही पिंगळेश्वराजवळची बारव अशीच आवर्जून पाहण्यासारखी आहे.

वालूरची बारव शेकडो वर्षे तेथेच होती. बदल झाला तो गावाच्या नजरेत. ‘आमच्याकडे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर गावाने टिकाव-फावड्याने शोधले. दगड तेच, पाणी तेच. पण आता पाहुण्याला हाताला धरून तेथे नेणारा माणूस त्या गावात आहे.

गर्दी नको, पाहुणा हवा

एक आक्षेप मात्र विचारात घ्यायला हवा. पर्यटन वाढले की गर्दी येते, गर्दीबरोबर दलाल येतात, प्लॅस्टिक येते, जमिनींचे भाव चढतात आणि मूळ गाव हरवते. आपल्या कित्येक तीर्थक्षेत्रांची आजची अवस्था पाहता हे भय निराधार नाही. परभणीने त्या वाटेने जाऊ नये असेच मलाही वाटते. विकास म्हणजे सिमेंटची कमान, रंगीत कारंजे आणि यादवकालीन दगडावर फासलेला तैलरंग, अशी समजूत रूढ झाली आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात किती शिल्पांवर रंगाचे थर चढले, याची गणती नाही. धारासूर-चारठाण्याला हा उत्साह नको. तेथे हवी आहे पुरातत्त्वाची जाण असलेली देखभाल, रस्त्यावर योग्य ठिकाणी दिशादर्शक फलक, महिलांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह आणि वेळेवर येणारी एसटी. येथील बहुतेक ठिकाणी आजही खासगी वाहन केल्यावाचून एका दिवसात दोन-तीन स्थळे होत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. ज्याच्या खिशाला ते परवडत नाही, तो भाविक आणि अभ्यासक यायचाच नाही काय?

पाहुण्याकडूनही थोडी अपेक्षा आहे. त्याने येथे पंचतारांकित सुखसोयी शोधू नयेत. ज्वारीची गरम भाकरी, पिठले, ठेचा, येसराची आमटी आणि दह्यासोबत धपाटे एवढे मिळाले की येथला यजमान कृतार्थ होतो, पाहुण्यानेही व्हावे. पौष-माघात आला तर शेतात हुरडा मिळेल. हुरड्याला बोलावणे हा येथला मोठा मान आहे, तो नाकारू नये. परतताना औंढा नागनाथाला जरूर जावे. तेथील मंदिराच्या खालच्या भागातील काळ्या पाषाणाची कोरीव शिल्पे आणि वरचे उत्तरकालीन बांधकाम यांतला फरक नीट पाहावा. एकाच वास्तूत भंग आणि पुनरुत्थान दोन्ही वाचता येतात. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते येथेच. परळीलाही जावे. मात्र परभणी ओलांडून जाऊ नये. परभणी पाहून जावे.

आणि परभणीकरांनी? त्यांनी एवढेच करावे. दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईहून घरी आलेल्या मुलानातवंडांना एक दिवस चारठाण्याला न्यावे, एक दिवस गंगाखेडच्या घाटावर न्यावे. शाळांनी सहलींची गाडी दरवर्षी दूरच्या जलक्रीडा उद्यानाकडे वळवण्याऐवजी एकदा तरी वालूरच्या बारवेकडे आणि कृषी विद्यापीठाकडे वळवावी. प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या कोरीव दगडांची साधी नोंदवही करावी, म्हणजे उद्या एखादी मूर्ती नाहीशी झाली तर निदान ती होती हे तरी सांगता येईल. यांपैकी कोणत्याही कामासाठी मुंबईकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही.

ज्या मुलाने आपल्या गावची बारव कधी उतरून पाहिली नाही, तो मोठा होऊन शहरात गेल्यावर गावाविषयी काय सांगणार? तोही मान हलवून म्हणेल, “आमच्याकडे बघण्यासारखे काही नाही.” आणि ऐकणारा त्यावर विश्वास ठेवील, कारण घरच्याच माणसाची साक्ष आहे ती. तेव्हा पुढच्या वेळी फलाटावर उतरलेल्या कोणा अनोळखी प्रवाशाने “इथे काय पाहू?” असे विचारले, तर त्याला लगेच औंढ्याची गाडी दाखवू नका. आधी चहा पाजा, आणि विचारा, किती दिवस आहेत तुमच्यापाशी?